गळ्यातली हुचकी

नळकांडी पुलाच्या पुढे चढ लागला तशी मनकर्णाची चाल मंदावली. अनुसयाबाईंची मंदावली नाही. बहात्तर वर्षांची बाई, पायात रबरी चपला, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर लग्नपत्रिकांची पिशवी, आणि चाल अशी की पुढे कुणाला तरी बांधून ठेवलंय आणि ह्या त्याला सोडवायला निघाल्यात. गोरेगाव सोडून दोघींना तास होत आला होता. तांडा अजून तेवढाच लांब होता.

जीपने येता आलं असतं. पण जीपवाला दहा शिटा भरल्याशिवाय हलणार नव्हता आणि आठच बसल्या होत्या. आता काय दोन माणसं जन्माला यायची वाट पाहत बसू का, असं अनुसयाबाईंनी त्याला विचारलं. आतली माणसं हसली, जीपवालाही हसला, आणि ते हसणं संपायच्या आत अनुसयाबाई रस्त्याला लागल्या होत्या. मनकर्णाला मागे निघावंच लागलं. सकाळी त्या गोरेगावात आल्या होत्या त्या तिलाच न्यायला.

मनकर्णा गोरेगावात गाण्याचा क्लास घ्यायची. घराची पुढची खोली, दोन सतरंज्या, एक पेटी, भिंतीवर सरस्वतीचा फोटो. शनिवार-रविवार पंधरा-वीस लेकरं यायची. थोड्यांना गोडी असायची, बाकीच्यांना आईबाप धाडायचे, कारण गाण्याच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. पेटी तिला वडिलांनी शिकवली होती. सटवाजी पुसेगावच्या मारुतीच्या देवळात भजनाला बसायचे आणि मुलीला मांडीवर घेऊन सूर धरायला लावायचे. नवरा, विजयकुमार, बियाण्याचं दुकान सांभाळायचा. घर, दुकान, क्लास, शनिवारी मारुतीला तेल, संध्याकाळी देवापुढे दिवा. मनकर्णाचं आयुष्य असं सरळ होतं. कुणाचं वाईट केल्याचं तिला आठवत नव्हतं, एक सोडून. आणि ते एक आज तिच्यापुढे सहा पावलांवर चाललं होतं.

सकाळी अनुसयाबाई आल्या, पाणी प्याल्या, पत्रिका काढून पेटीच्या झाकणावर ठेवली. नातीचं लग्न, दिपाचं. पंधरा दिवसांवर. मनकर्णाने हळदीकुंकू लावलं, पत्रिकेला हात जोडले, मुलगा काय करतो ते विचारलं. अनुसयाबाईंनी मुलाचं दोन वाक्यांत उरकलं. त्यांचं काम वेगळंच होतं.

"बाई, तुमी गळ्याच्या डॉक्टर. पोरीचा गळा बिघडलाय. चला अन् पाहा, काहून बिघडला ते सांगा मला."

गळ्याला काय झालं, असं मनकर्णाने विचारलं नाही. तिला माहीत होतं. ते तिनेच केलं होतं.

तांड्यावर नवरी सासरी निघते तेव्हा ती नुसती रडत नाही, सुरात रडते. आईच्या गळ्यात पडून, मग आजीच्या, चुलतीच्या, भावाच्या. ज्याच्या गळ्यात पडायचं त्याला त्याच्या नात्याने हाक मारायची आणि त्याच्या घरातलं काय काय आपण मागे ठेवून चाललो ते त्याला सांगायचं. ह्याला ढावलो म्हणतात. तो आपसूक येत नाही, शिकावा लागतो. आणि आसपासच्या चार-पाच तांड्यांत तो शिकवावा तर अनुसयाबाईंनी, असं सगळेच म्हणायचे.

अनुसयाबाई मूळच्या डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरच्या. आई लहानपणी गेली, मावशीने सांभाळलं. मावशीचं नाव जनकाबाई. सरपणाला जाता-येता त्या मावशीने नऊ वर्षांच्या पोरीला ढावलो शिकवला. घरात नाही, कारण घरात कुणी मेलं नसताना, कुणी निघालं नसताना रडण्याचा सूर काढायचा नाही. रस्त्यात शिकवला. मोळी खाली ठेवायची, पोरीला गळ्यात घ्यायचं, आणि मावशी म्हणेल ते पोरीने मागे म्हणायचं. शिकणाऱ्याने ऐकायचं ते कानाने नाही. छातीला छाती लागलेली असते, तिथे मावशीचा आवाज कुठे थरथरतो, कुठे थांबतो, ते पोरीला कळायचं. अनुसयाबाईंनी पुढे स्वतः पोरी शिकवल्या त्याही अशाच, शेताच्या वाटेवर, नदीच्या वाटेवर.

सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न पेमाशी झालं. निघताना त्यांनी असा ढावलो म्हटला की सासरचं वऱ्हाड दोन तास अडकून पडलं. पेमा म्हातारपणापर्यंत ती गोष्ट सांगायचा. म्हणायचा, ही एवढी रडली की मला वाटलं, घेऊन जावी का इथंच ठेवून जावी? बाप म्हणाला, चल, पोटात भूक लागली. म्हणून घेऊन आलो. अनुसयाबाई चुलीपुढून म्हणायच्या, मलाबी त्या दिवसापासून तेच वाटून राहिलं, की इथंच ठेवून गेला असता तर.

त्यांनी एक्केचाळीस पोरींना ढावलो दिला. 'दिला' हा त्यांचाच शब्द. कारण एकीचा दुसरीला चालत नाही. सूर तोच, पण जिचा तिचा ढावलो वेगळा. कुणाला मोठा भाऊ, कुणाला नाही. कुणाच्या घरी शेळी असते, कुणाच्या दारात लिंब असतो. पोर लहान असतानाच अनुसयाबाई तिच्या घरात डोळे उघडे ठेवून बसायच्या आणि तिच्यापुरता ढावलो मनात जुळवत राहायच्या. दिपाचा त्यांनी सगळ्यांत मन लावून जुळवला होता. ती त्यांच्या मुलाची, देविदासची, पहिली मुलगी.

चढ संपला आणि डाव्या हाताला हळदीचं खळं लागलं. शिजवलेली हळद उन्हात पसरली होती, दोन बाया खाली बसून गड्डे वेगळे करत होत्या. अनुसयाबाईंनी चालता चालताच एकीला पत्रिका दिली. ती म्हणाली, मावशे, जीप सोडून पायी? अनुसयाबाई म्हणाल्या, जीपवाल्याला पोरं व्हायची हायत अजून. बाया हसल्या. मनकर्णालाही हसायला हवं होतं. ती पदराने मान पुसत राहिली.

दिपा पहिल्यांदा क्लासला आली तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेत सव्वीस जानेवारीला गायली होती, गुरुजींनी देविदासला सांगितलं, पोरीला शिकवा. देविदासने मोटारसायकलवर आणून सोडली आणि दारातच उभा राहिला, आत बसावं की नाही ते त्याला कळेना. मनकर्णाने पेटीवर सा धरला आणि दिपाने तो घेतला. मनकर्णाचा हात पट्टीवर तसाच राहिला. असा भरलेला, वाहता आवाज तिने गोरेगावात ऐकला नव्हता. फक्त एक. दम संपत आला की आवाज मोडायचा. आत कुठेतरी झटका बसायचा, हुंदक्याची सुरुवात असावी तसा, आणि मग पुढचा सूर. प्रत्येक वेळी. नेमका तिथेच.

"ही हुचकी काढावी लागेल," मनकर्णा म्हणाली.

सतरंजीवरची लेकरं हसली. त्या दिवसापासून क्लासमध्ये दिपाचं नाव हुचकी पडलं. नाव मुलांनी पाडलं, पण शब्द बाईंचा होता.

हुचकी काढायची रीत मनकर्णाने स्वतः बसवली. दिपा सूर लांबवायची, मनकर्णा भाता मारत राहायची. झटका आला रे आला की मनकर्णा भाता थांबवायची. पेटी गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. एका शनिवारी चाळीस वेळा भाता थांबला असेल. पोर चिकाटीची. डोळे खाली करून पुन्हा सा लावायची. पण सोमवार ते शुक्रवार मध्ये जायचे आणि शनिवारी हुचकी परत यायची, ताजी होऊन. मनकर्णाने विचारलं, घरी कशाचा सराव करतेस गं? तेव्हा दिपाने मोकळेपणी सांगून टाकलं, आजी शिकवती. रस्त्यानं. ढावलो.

मनकर्णाला तेव्हा ढावलो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. रडायचं गाणं, एवढंच तिला कळलं. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. ती म्हणाली, परीक्षा होईपर्यंत आजीपाशी बसू नकोस. दोन्हीकडे गळा ओढला तर एकही धड होणार नाही. दिपाने मान हलवली. आणि मग मनकर्णा अजून एक वाक्य बोलली. म्हातारं माणूस, उगाच मनाला लागायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

"आजीला हे मी सांगितलं असं सांगू नको हं."

दिपाने नाही सांगितलं. परीक्षेपर्यंत नाही, नंतरही नाही. परीक्षेत तिला विशेष योग्यता मिळाली. हिंगोलीला परीक्षक म्हणाले, किती स्वच्छ आवाज. मनकर्णाने प्रमाणपत्राची प्रत काढून घेतली, प्लास्टिकमध्ये घालून क्लासच्या भिंतीवर लावली, नवीन पालक आले की तिकडे बोट दाखवायची. परीक्षा झाली, आता आजीपाशी बस, हे सांगायचं ती विसरली. विसरली, असंच ती पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होती.

हळदीचं खळं मागे पडलं होतं. अनुसयाबाई बोलत होत्या, अर्धं मनकर्णाशी, अर्धं रस्त्याशी.

त्या सांगत होत्या की दिपाने एकाएकी यायचं सोडलं. आधी पोटात दुखतं, मग अभ्यास. मग काहीच कारण नाही, नुसती मान खाली. तेव्हाच त्यांना कळलं, पोरीला लाज वाटायला लागली. पेटीवर गाणारी, परीक्षा देणारी, तिला आजीचं रडणं कशाला? मग त्यांनीही सोडलं नाही. येता-जाता बोलल्या. सण असो, पाहुणे असोत. आमची पोरगी मोठी गाणारी, आमचं गाणं तिला वास मारतं. तिच्या आईपुढे बोलल्या, चुलत्यांपुढे बोलल्या. गेल्या दिवाळीला तर भर अंगणात म्हणाल्या, तू सासरला जाशील तेव्हा पेटी आणून दारात ठेव, तीच रडंल.

"सात सालं बोलून राहिले मी. एकदा उलटून बोलली न्हाई. उलटून बोलली असती तर बरं झालं असतं, बाई. मी म्हणले असते, जीव हाय."

मनकर्णा चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून थांबली. वाकली, चप्पल झटकली, खडा नव्हताच. मनात मारुतीचं नाव घेतलं. पण देवाचं नावही तिला आता अवघडल्यासारखं वाटायचं. दर शनिवारी तेल घालताना ती डोळे मिटून एकेकाचं नाव घ्यायची, ह्याला सुखी ठेव, तिला सुखी ठेव. दोन वर्षांपासून दिपाच्या नावापाशी आली की तिचे डोळे आपोआप उघडायचे.

दोन वर्षांपूर्वी दिपाची चुलत बहीण मिना हिचं लग्न झालं. मनकर्णाला मानाने बोलावलं होतं, अनुसयाबाईंच्या शेजारी बसवलं होतं. जेवणं झाली, निघायची वेळ आली, आणि मिना आईच्या गळ्यात पडली. पहिली ओळ लांबली, लांबली, आणि शेवटी मोडली. आत झटका, आणि पुढची हाक. मनकर्णाने तो झटका ओळखला. ती हुचकी होती. तीच, नेमकी तिथेच. प्रत्येक ओळीला. आणि त्या झटक्यापाशी अंगणातली दीडशे माणसं एकदम श्वास घ्यायची. मनकर्णाने मान वळवली. खांबाला टेकून दिपा उभी होती. ती बहिणीकडे पाहत नव्हती. ती मनकर्णाकडे पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. दिलेला शब्द पाळलाय, एवढंच होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. दोन वर्षांत कितीदा तरी. क्लास, परीक्षा, मुलांचे आईबाप, लोक काय म्हणतील. आणि खरं म्हणजे ते प्रमाणपत्र. ते तिने भिंतीवरून काढलं नव्हतं.

"मावशी," मनकर्णा म्हणाली, "जरा थांबा. मला काही सांगायचंय."

अनुसयाबाई थांबल्या. आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. जीप आली होती, भरून, मागच्या दांडीला दोन पोरं लटकलेली. जीपवाल्याने मान बाहेर काढून सांगितलं की आजे, माणसं जन्मली, आता टपावर जागा हाय. मनकर्णाला वाटलं, बसावं. बसलो तर गर्दीत बोलता येणार नाही, तांडा येईल, चार माणसं भेटतील, चहा होईल. आजचा दिवस निघून जाईल. अनुसयाबाईंनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि जीपवाल्याला हातानेच पुढे जायला सांगितलं.

"बोला."

धूळ खाली बसली. मनकर्णा सगळं बोलली. हुचकी हा शब्द तिचा. भाता थांबवायची रीत तिची. आजीपाशी बसू नको, हे तिने सांगितलं. आजीला सांगू नको, हेही तिनेच. पोरीला लाज वाटत नव्हती, पोर शब्दाला जागत होती. मनकर्णा रस्त्याकडे पाहून बोलत होती, परीक्षेला बसलेल्या लेकरासारखी, मध्ये थांबलं तर पुढचं आठवणार नाही अशी.

अनुसयाबाईंनी डोक्यावरची पिशवी उतरवली. दोन्ही हातांनी, सावकाश, आणि रस्त्याच्या कडेला नीट उभी करून ठेवली.

"सांगू नको म्हणून बी तुमीच म्हणल्या?"

"हो."

"अन् तुमाला कळलं कधी?"

मनकर्णाने मिनाच्या लग्नाचं सांगितलं.

वाटेवरून एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन गेला, त्याने रामराम घातला, अनुसयाबाईंनी घेतला नाही.

"मिनाच्या लग्नात तुमी माह्या बाजूला बसल्या व्हत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "माह्या हातानं वाढलं तुमाला. मी तवा म्हणले तुमाला, पाहा, दिपीला न्हाई येत असं. तुमी म्हणल्या, व्हय मावशी."

मनकर्णाला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ती तसं म्हणाली असणार. ती खाली बसली, रस्त्याच्या कडेच्या मातीत, चांगल्या लुगड्यानिशी. तिने हात जोडले. म्हणाली, मावशी, मी तांड्यावर येते, दिपाच्या पाया पडते, सगळ्यांपुढे सांगते की चूक माझी. तुम्ही म्हणाल ते करते. क्लास बंद करते.

"क्लास बंद करून काय व्हते? ती हळदीला तुमची माफी लावून बसंल का?" अनुसयाबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर मनकर्णाला सोपं गेलं असतं. "उठा. माती लागली."

मनकर्णा उठली नाही. मग अनुसयाबाईच बाजूच्या दगडावर बसल्या. बसल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसल्या, इतका वेळ चालत होत्या तोवर नव्हत्या दिसत.

त्या दिपाला काय काय बोलल्या ते आता त्यांना एकेक करून आठवायला लागलं होतं. अंगणातली पेटी आठवली. एकदा दिपा तापात पडली होती आणि कण्हली तर म्हणाल्या होत्या, कण्हते तरी सुरात का गं, ते आठवलं. त्या मोठ्याने आठवत होत्या आणि प्रत्येक आठवणीला मांडीवर हात मारत होत्या. त्यांनी सांगितलं, माघात दिपा आपणहून आली होती. लग्नाची बोलणी चालू होती. म्हणाली, आजी, शिकव. तेव्हा त्यांना वाटलं, आली वठणीवर. नदीच्या वाटेवर गळ्यात घेतली. सूर लागला, ओळ लांबली, पण मोडेना. सरळ जाऊन थांबायची, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. अनुसयाबाईंनी तीनदा, चारदा म्हणून दाखवलं. पाचव्यांदा त्यांचा संयम सुटला. म्हणाल्या, जा, तुझ्या पेटीकडं जा. पोर गेली. मग आली नाही.

"हुचकी म्हणल्या तुमी तिला." त्या मनकर्णाकडे वळल्या. "ती हुचकी न्हाई बाई. तिथं दम घ्यायचा असतो. उघड्यावर दम घेतला तर रडणं तुटतं, माणूस म्हणंल, ही गाणं म्हणून राहिली. म्हणून दम रडण्यात लपवायचा. माह्या मावशीनं एक पावसाळा फक्त तेवढंच शिकवलं मला."

मनकर्णा ऐकत राहिली. पंचवीस वर्षं ती लेकरांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत होती. पेटीच्या भात्यावर बोट ठेवून, वहीत खुणा करून. आणि बारा वर्षांची पोर तिच्यापुढे बसून श्वास लपवायची, कुणाला दिसणार नाही असा, आणि तिने चाळीस-चाळीस वेळा भाता थांबवून तो श्वासच काढून घेतला होता. दोष म्हणून. परीक्षक म्हणाले होते, किती स्वच्छ आवाज. तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता.

ऊन चढलं. पलीकडच्या शेतात कुणीतरी मोटार सुरू केली, पाणी पाटात पडायला लागलं. अनुसयाबाई उठल्या, पदर खोचला, दोन पावलं तांड्याच्या दिशेने गेल्या आणि पुन्हा थांबल्या.

"मी गेल्याबराबर तिला जवळ घेईन," त्या म्हणाल्या. "माझं मी तिला काय बोलायचं ते बोलीन. ते तुमी नका करू, ते माझं हाय. पण ढावलो मी शिकवला तर ती न्हाई शिकणार आता."

मनकर्णाने विचारलं, का नाही शिकणार?

"भिते मला. माघात गळ्यात घेतली तवा तिची छाती कशी आवळली व्हती, मला लागलं ना इथं. मी तिला कितीबी गोंजारलं तरी पंधरा दिवसांत ते भेव जायाचं न्हाई. सात साल भरलंय ते. तुमच्यापुढं तिचा गळा खुलतो. तुमी सांगितलं तर पोरगी आजीला सोडते, एवढं ती तुमचं ऐकते."

हे त्यांनी टोमणा म्हणून नाही सांगितलं. मनकर्णाला ते टोमण्याहून जास्त लागलं.

ती म्हणाली, मावशी, मला ह्यातलं काही येत नाही. मी पेटीवाली. मला तुमची बोलीही धड समजत नाही. मिना आहे की, तिला बोलवू, तिला येतो.

अनुसयाबाईंनी मान हलवली. मिनाला मिनाचा येतो. दिपाचा ढावलो फक्त त्यांच्यापाशी होता, ती पाळण्यात असल्यापासून जुळवलेला. त्यात देविदासची मोटारसायकल होती, तिच्या आईची शिवणयंत्रावरची टिकटिक होती, दारातली आंधळी शेळी होती. आजीही होती, शेवटी, आणि आजीचा भाग सगळ्यांत लांब होता. सात वर्षांत त्यांनी तो भाग एकदाही तोंडाबाहेर काढला नव्हता. रागाने काढला नव्हता. आणि आता काढावा तर दिपापुढे तो निघणार नाही, कारण त्याच मग रडतील, खरंखुरं.

त्या मनकर्णाच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. मनकर्णा उभी असली की उंचीने त्या तिच्या खांद्याला यायच्या. त्यांनी तिचे दोन्ही दंड धरले आणि तिला रस्त्याच्या मातीतून वर उठवलं.

"तुमी घ्या माह्याकडून. सगळा. जिथं दम लपवायचा तिथं लपवायला शिका, अन् मंग जाऊन माह्या पोरीला द्या. रोज या, नाहीतर मी येते, अर्ध्या रस्त्यात भेटू. दुसरं काई मागत न्हाई मी तुमाला." त्यांनी हात पसरले. "या, पडा गळ्यात. कुणी पाहिलं तर पाहू द्या. अन् आधी ते डोळे पुसा, बाई. रडणारीला ढावलो म्हणता येत न्हाई."